गर्दी आणि सभा

शाळेच्या फलकावर एखाद्या सार्वजनिक कार्यक्रमाची सूचना लागली की विद्यार्थ्यांकडून पहिला प्रश्न येतो तो हा : "सर, हजेरी लागणार आहे का?" विषय कोणता, वक्ता कोण, कार्यक्रम कशासाठी योजिला आहे, हे प्रश्न मागाहून येतात, पुष्कळदा येतच नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय आम्हांस या प्रश्नानेच सुचविला. असा प्रश्न विचारणाऱ्या मुलांस आम्ही दोष देत नाही. तो त्यांस आम्हीच शिकविला आहे, आणि हे कबूल करूनच पुढील चार शब्द लिहिण्याचा आम्हांस अधिकार पोहोचतो.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा वार्षिक परीक्षा जवळ आलेली असेल. त्यानंतर आमच्या कोल्हापूर शहरात जे सार्वजनिक वर्ष सुरू होते त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. चैत्री पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते आणि सासनकाठ्या नाचवीत, गुलाल उधळीत गावोगावचे लोक चढू लागतात. १ मे रोजी महाराष्ट्र दिन. ६ मे हा राजर्षी शाहू महाराजांचा स्मृतिदिन व २६ जून हा त्यांचा जन्मदिन. मग पावसाळा लागतो, सर्वांचे डोळे पंचगंगेच्या पातळीकडे लागतात, आणि त्यातच स्वातंत्र्यदिन येतो. मागोमाग गणेशोत्सव, नवरात्र, दसरा चौकातील सीमोल्लंघन. त्रिपुरी पौर्णिमेस पहाटे घाटावर दीपोत्सव. हिवाळ्यात व्याख्यानमाला, नाताळ, आणि शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल सामने. मोहरमचे पंजे चांद्र गणनेमुळे ऋतू बदलीत येतात. २०१८, २०१९ व २०२० अशी लागोपाठ तीन वर्षे ते गणपतीच्याच दिवसांत बसले, व दोहोंचे मांडव शहराने एकाच वेळी पाहिले.

एवढे मेळावे ज्या शहरात भरतात त्या शहरास माणसे जमविण्याची विद्या शिकविण्याचे कारण नाही. परंतु माणसे जमणे आणि सभा भरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गर्दीत मनुष्य मोजला जातो. सभेत तो गणला जातो. गर्दीतून एक मनुष्य उठून गेला तर कोणास कळत नाही, आणि त्याला स्वतःलाही काही गमावल्यासारखे वाटत नाही. सभेत आलेला मनुष्य का आलो हे जाणतो, दुसऱ्याचे ऐकतो, वाटल्यास विचारतो, आणि परत जाताना काही कर्तव्य बरोबर घेऊन जातो. येत्या वर्षी आपली मुले यांपैकी कशात जाणार आहेत, हा आमचा प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शहरात एक मोठा समारंभ होता आणि प्रत्येक शाळेने शंभर विद्यार्थी स्वागतासाठी पाठवावेत असे पत्र आले होते. मुले निवडण्याचे काम आमच्याकडे होते. सकाळी आठ वाजता आम्ही त्यांस हाती कागदी झेंडे देऊन रस्त्याच्या कडेला ओळीने उभे केले. पाहुणे साडेदहाच्या सुमारास आले. त्यांची मोटार काचा बंद करून आमच्या ओळीवरून निघून गेली. त्याच्या थोडे आधी सातवीतील एक मुलगी उन्हाने चक्कर येऊन खाली बसली. जवळच्या चहाच्या टपरीच्या सावलीत तिला नेले, पाणी दिले. ती सावरल्यावर, तिचे मन रमावे म्हणून आम्ही विचारले, "कोण येणार होते, ठाऊक आहे ना?" ती म्हणाली, "नाही सर. तुम्ही उभं राहा म्हणालात म्हणून उभी होते."

तिला नेण्यासाठी तिचे वडील आले. ते शिरोलीकडील एका फाउंड्रीत कामास होते. अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून आले होते. ते आम्हांस रागाने काही बोलते तर बरे झाले असते. त्यांनी मुलीचे दप्तर खांद्यास लावले, आम्हांस नमस्कार केला आणि निघून गेले. त्याच दुपारी आम्ही अहवालात लिहिले : "शंभर विद्यार्थी उपस्थित." ते वाक्य खोटे नव्हते. पण उपस्थित या शब्दाचा अर्थ त्या दिवशी आमच्या हातून बिघडला, असे आम्हांस आजही वाटते.

या चुकीची भरपाई करावी म्हणून पुढल्या हिवाळ्यात आम्ही चाळीस विद्यार्थ्यांस एका व्याख्यानास नेले. येथे ऊन नव्हते, विषयही चांगला होता. तरी अर्ध्या तासात मागच्या रांगेतील मुले पेंगू लागली व पुढच्या रांगेतील एकमेकांच्या वह्यांवर चित्रे काढू लागली. व्याख्यान संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ, डोक्यास फेटा, हातात काठी, आमच्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, ह्या पोरांस्नी खुर्च्या भरायला आणू नका. त्यातलं एक जरी ऐकायला म्हणून आलं, तरी बास झालं." आम्ही काही उत्तर दिले नाही, देण्यासारखे नव्हते.

त्याच्या पुढील वर्षी आम्ही फलकावर केवळ विषय, स्थळ आणि वेळ लिहिली, व खाली एक ओळ घातली : "हजेरी नाही." सात विद्यार्थी आले. व्याख्यान शाहू महाराजांच्या पाटबंधाऱ्यांच्या कार्यावर होते. राधानगरी धरणाची हकीकत सांगून झाल्यावर वक्त्यांनी कोणास काही विचारावयाचे आहे काय असे म्हटले, तेव्हा नववीतील एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, ती माणसं पुढं कुठं राहिली?" सभागृह क्षणभर स्तब्ध झाले. वक्ते प्रामाणिक होते. ते म्हणाले, "याचं पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. तू शोध, मीही शोधतो." त्या सायंकाळी जमलेल्या मंडळींची सभा झाली ती या एका प्रश्नाने, असे आमचे मत आहे.

आमच्या शहराचा पूर्वेतिहास या मतास बळकटी देणारा आहे. सन १९१२ मध्ये शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्तीचे मैदान सिद्ध केले. मध्यभागी हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना आहे. सर्वांत मागे बसलेल्या गरीब प्रेक्षकासही पहिल्या रांगेतल्याप्रमाणेच कुस्ती दिसते. हजारो लोक जमणार हे ठाऊक असताना त्यांतील शेवटच्या मनुष्याच्या डोळ्यांचा विचार ज्याने केला, त्याने गर्दीचा नव्हे, माणसांचा विचार केला. त्या मैदानास लागूनच सन १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले, जे पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री, ते आगीत जळाले. त्या वेळी रस्त्यावर उभे राहून रडणारी माणसे शहराने पाहिली. पुनर्बांधणीचे काम पुढे हाती घेण्यात आले. परंतु विद्यार्थ्यांनी या घटनेतून एवढे लक्षात ठेवावे की, एकत्र बसण्याची जागा ही शहराची ठेव असते, आणि ती किती मोलाची होती हे पुष्कळदा ती जळाल्यावर कळते.

दुसरे उदाहरण माणगावचे. २१ व २२ मार्च १९२० रोजी त्या लहानशा गावी अस्पृश्य समाजाची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, त्यांचे वय तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते. शाहू महाराज त्या परिषदेस स्वतः गेले आणि या तरुणाच्या रूपाने तुम्हांस तुमचा पुढारी लाभला आहे, असे त्यांनी जमलेल्या लोकांस सांगितले. त्या दिवशी माणगावास आजच्या मोर्चांच्या मानाने माणसे थोडीच असतील. पण तेथे कोणी मिरविण्यास आले नव्हते. जे आले ते आपल्या जिण्याचा विचार करण्यास आले होते, आणि म्हणून ती परिषद आजही बोलली जाते.

हे सर्व जुन्या काळचे झाले असे कोणी म्हणेल, तर अलीकडचे दाखले घ्यावेत. शहरातील रस्त्यांसाठी बसविलेल्या टोलविरुद्ध येथील नागरिक वर्षानुवर्षे एकत्र आले. त्यांत गृहिणी होत्या, रिक्षावाले होते, वकील व व्यापारी होते. आणि सन २०१५ च्या अखेरीस तो टोल रद्द झाला. त्याच आंदोलनात जानेवारी २०१४ मध्ये टोलनाक्यांची जाळपोळ झाली, तीही लपविण्याचे कारण नाही. एकाच चळवळीत सभा आणि गर्दी या दोन्ही कशा वावरतात, हे त्यावरून दिसते. ज्यांनी बैठकीमागून बैठकी घेतल्या, हिशेब तपासले, अर्ज लिहिले, त्यांचे श्रम पेटलेल्या टायरांच्या धुरात दिसेनासे होतात. परंतु फळ येते ते त्या श्रमांना. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची मागणीही अशीच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकील व पक्षकार कित्येक दशके ती करीत होते, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे काम सुरू झाले. ज्यांनी पहिल्या सभा घेतल्या त्यांपैकी कित्येक हा दिवस पाहण्यास राहिले नव्हते. सभेत बसणाऱ्यास हेही धैर्य असावे लागते.

सभेस नेहमी भाषणच लागते असेही नाही. शाहू महाराजांच्या निधनास शंभर वर्षे झाली त्या दिवशी, ६ मे २०२२ रोजी सकाळी दहा वाजता, शहर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. वाहने थांबली, दुकानदार तराजू खाली ठेवून उभे राहिले. आम्ही त्या वेळी रस्त्यावरच होतो. आमच्या शेजारी एक भाजीवाली बाई टोपली उतरवून उभी होती. ती आमच्या ओळखीची नव्हती आणि आम्ही तिच्या ओळखीचे नव्हतो. त्या शंभर सेकंदांत कोणी कोणास मोजीत नव्हते, तरी आपण सर्व एका गोष्टीसाठी उभे आहोत हे प्रत्येकास ठाऊक होते. उन्हात उभ्या केलेल्या आमच्या त्या शंभर विद्यार्थ्यांस नेमके हेच ठाऊक नव्हते.

शुभवर्तमानातील पाच हजारांच्या भोजनाची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. भाकरी वाढण्यापूर्वी त्या अफाट समुदायास पन्नास-पन्नास, शंभर-शंभर अशा पंक्तींनी हिरवळीवर बसविले, आणि जेवण झाल्यावर उरलेले तुकडे टोपल्यांत गोळा केले. या दोन लहान गोष्टींकडे वाचकांचे लक्ष सहसा जात नाही. आमच्या घाटावर दीपोत्सवाच्या पहाटे हजारो पणत्या लागतात, पाण्यात प्रकाश थरथरतो, आणि ते सुंदर दृश्य टिपण्यासाठी सर्वांचे मोबाईल वर होतात. सूर्य वर आल्यावर त्याच पायऱ्यांवर तेलाचे ओघळ, फुटक्या पणत्या आणि विझलेल्या वाती उरतात. एका वर्षी आम्ही सकाळी आठ वाजता तेथे गेलो असता आमच्या शाळेचे दोन माजी विद्यार्थी पाट्या घेऊन पणत्या गोळा करताना दिसले. "तुम्हांस कोणी सांगितले?" असे विचारता ते हसले, आणि "आम्हीच लावल्या की सर," एवढेच म्हणाले. उत्सव त्यांचा होता, म्हणून केरही त्यांचा होता. आमच्या मते नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याहून निराळे काही नाही.

येथे पालकवर्गाच्या काही शंका आम्ही ऐकल्या आहेत, त्यांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिली शंका अभ्यासाची. दहावीच्या वर्षी मुलाने व्याख्यानास जावे काय? रोज जावे असे आम्ही म्हणत नाही. वर्षातून दोन सायंकाळी दिल्याने कोणी नापास झाल्याचे आम्हांस आठवत नाही. मोबाईलवर त्याहून अधिक वेळ एका रविवारी जातो. दुसरी शंका सुरक्षिततेची, विशेषतः मुलींच्या बाबतीत. ती खरी आहे व तिची थट्टा करणे योग्य नव्हे. पण तिचा उपाय मुलींस घरी ठेवणे हा नसून आईवडिलांनी त्यांच्याबरोबर येणे हा आहे. ज्या सभेत आया आणि मुली बसलेल्या असतात तेथील भाषा आपोआप सुधारते, असा आमचा अनुभव आहे. तिसरी शंका क्वचितच उघड बोलली जाते : तो मेळावा आपल्यांचा नाही, मग आपण तेथे कशाला जावे?

या तिसऱ्या शंकेस आमचे उत्तर स्पष्ट आहे. आपल्याच घरच्या कार्यास जाण्यास नागरिकत्व लागत नाही. दसरा चौकात उभे राहून एकवार चहूकडे पाहावे. मध्ये शाहू महाराजांचा पुतळा, जवळच मुस्लिम बोर्डिंग, आणि सीमोल्लंघनाच्या सायंकाळी त्याच पटांगणात देवीच्या पालख्या येतात, शमीपूजन होते, व सोने म्हणून आपट्याची पाने देताना कोणी कोणाची जात विचारीत नाही. शाहू महाराजांनी या शहरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढविली, ती त्या समाजांनी एकमेकांकडे पाठ फिरवावी म्हणून नव्हे; सर्वांची मुले शिकून एका चौकात यावीत म्हणून. जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे मशिदींत गणपती बसविण्याची रीत कित्येक वर्षे चालत आली आहे. नाताळात आमच्या घरी येऊन फराळास बसणारे शेजारी काही आमच्या उपासनेस येत नाहीत, ते आमच्याकडे येतात. तसेच आम्हीही जावे. शेजाऱ्याच्या मांडवात आपले मूल एकदा जाऊन आले की, पुढे कोणी त्या शेजाऱ्याविषयी विष कालवू लागला तर ते मूल इतक्या सहज फसत नाही. आजच्या दिवसांत ही लहान कमाई नव्हे.

आणखी एक प्रकारची सभा आहे; तिला ना वाद्ये, ना रोषणाई, आणि म्हणून तिची सूचना कोणी फलकावर लावीत नाही. आमच्या महानगरपालिकेत नोव्हेंबर २०२० पासून पाच वर्षांहून अधिक काळ लोकनियुक्त सभागृह नव्हते. प्रशासकांमार्फत कारभार चालला होता. १५ जानेवारी २०२६ रोजी निवडणूक झाली. म्हणजे आज सहावीत असलेल्या मुलाने शाळेत पाऊल टाकल्यापासून नगरसेवकांची सभा भरल्याचे ऐकलेच नव्हते. मतदानाच्या दिवशी बोटास लावलेली शाई पालकांनी मुलांस कौतुकाने दाखविली असेल. आता त्या शाईने निवडलेली माणसे काय बोलतात हे ऐकण्याचे काम उरले आहे. खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी तर ग्रामसभा अगदी दारात आहे. वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हाव्यात असा नियम आहे. परंतु त्या गणसंख्येअभावी तहकूब होतात अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. जोतिबाच्या डोंगरावर चढणाऱ्या गावास चावडीपर्यंत चालणे जड जावे, याचे आम्हांस नवल वाटते. गटार कोठून न्यावयाचे, शाळेच्या छपराचे पैसे कधी येणार, पुराच्या वेळी गुरे कोठे हलवावयाची, हे प्रश्न तेथेच सुटतात किंवा तेथेच राहून जातात. सन २०१९ व २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले त्यांस हे अधिक सांगणे नको.

तेव्हा येत्या वर्षासाठी विद्यार्थिमित्रांस आमची सूचना फार लहान आहे. पुढील बारा महिन्यांत तीन सभांस जावे : एक आपल्या आवडीची, एक शेजाऱ्याची, आणि एक कंटाळवाणी. जाण्यापूर्वी ती कशासाठी आहे हे विचारून घ्यावे; ते सांगता येत नसेल तर जाऊ नये. तेथे मोबाईल खिशात ठेवावा. शेवटपर्यंत बसावे, निदान एक प्रश्न मनात तयार करावा, आणि धीर झाल्यास विचारावा. निघताना आपली खुर्ची आपण उचलून ठेवावी. घरी आल्यावर काय ऐकले ते आईवडिलांस पाच मिनिटे सांगावे; सांगण्यासारखे काही नसेल तर का नव्हते तेही सांगावे. पालकांनी ती पाच मिनिटे द्यावीत, ही त्यांस विनंती.

आणि शाळेकडे, म्हणजे आमच्या स्वतःकडेच, आमचे एक मागणे आहे. विद्यार्थी मागणारी पत्रे येत राहतील. त्यांस उत्तर देताना आधी तीन गोष्टी विचाराव्यात : कार्यक्रम कशाचा, मुलांनी तेथे करावयाचे काय, आणि सावली व पाणी कोठे आहे. उत्तर न मिळाल्यास नम्रपणे नकार द्यावा. असा नकार देण्याने शाळेची प्रतिष्ठा उणावते असे आम्ही पूर्वी समजत होतो. आता तसे समजत नाही.

ती सातवीतील मुलगी आता शाळेतून गेली आहे. ती हा अंक वाचेल की नाही, सांगता येत नाही. वाचलाच, तर त्या दिवशी अहवालात जे लिहावयास हवे होते आणि लिहिले नाही, ते तिने येथे वाचावे. २६ जूनच्या सकाळी आम्ही दसरा चौकात असू. कोणासही बोलावून नेणार नाही, कोणाची नावे टिपून घेणार नाही. ज्यांस यावेसे वाटेल त्यांनी आपल्या आईवडिलांसह यावे, भेट होईल.